छाटलेल्या अँटेनाबद्दल साडूबुवांना

ती. साडूबुवांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच घातला असता, पण खाली गेलेली कंबर वर येईल याची खात्री आता राहिलेली नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला? आमच्याकडे सर्व क्षेम, म्हणजे घरात कोणी माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही. दोघी बहिणी फोनवर रोज तासभर बोलतात आणि मी खोलीत शिरलो की ही "बरं, ठेवते" म्हणते. तेव्हा तुमची बातमी मला मिळत नाही आणि माझी तुम्हाला नको तेवढी मिळत असणार.

पत्रास कारण तो अँटेना. डोंगरात वाट चुकलेल्यांना शोधणाऱ्या पथकाला मुठीत मावेल असा अँटेना हवा होता. हातातला वायरलेस संच कसाही धरला तरी आवाज पकडणारा. सरळ दांडी चालेना. मग मी सगळ्या अटी संगणकाला सांगितल्या. त्यानं आठ दिवस हजारो आकार करून, मोडून, शेवटी जो दिला तो पाहून तुम्ही म्हणालात, "हे कोणी चिडून चुरगळलंय का?" सात फांद्या, एकही सरळ नाही. असली वस्तू हातानं वाकवून होत नाही. थ्रीडी प्रिंटरनं थरावर थर देत ती प्लॅस्टिकची छापायची, टेकू काढायचे आणि वर तांब्याचा मुलामा द्यायचा. टेकू म्हणजे अधांतरी फांद्या छपाईत लोंबू नयेत म्हणून प्रिंटरच उभ्या करतो त्या परांच्या. त्या कापून घासायचं काम तुमचं. (निवृत्तीतून तुम्हाला मीच उठवून आणलं होतं, "घरी बसून काय करता" म्हणून. ताई हे विसरलेल्या नसतील.)

तुम्ही टेकूंबरोबर तीन खऱ्या फांद्याही छाटल्यात. आता कबूल करतो, अँटेना कुठे संपतो आणि टेकू कुठे सुरू होतो हे त्या आकाराच्या जन्मदात्यालाही कळलं नसतं. पण तेव्हा पथकाच्या प्रमुख बाई समोर बसलेल्या, आणि माझ्या तोंडाला लगाम नाही. "तीस वर्षं कानस चालवून अक्कलही घासून टाकलीत का?" असं मी पंधरा माणसांदेखत म्हणालो. वाक्य मला तेव्हा फारच जमल्यासारखं वाटलं. (टोमण्यांचं हेच वाईट, जमले की मागे घेता येत नाहीत.) तुम्ही कानस पुसलीत, फडक्यात गुंडाळलीत, ॲप्रनची घडी करून खुर्चीवर ठेवलीत आणि गेलात. चार शिव्या दिल्या असत्यात तर फिट्टंफाट तरी झाली असती.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी नवा अँटेना छापला, साती फांद्यांसकट, टेकू स्वतः काढले (बोटाला तीन टाके), आणि चाचणीच्या खोलीत तो ठार बहिरा निघाला. त्या संचाच्या धातूच्या पेटीचं माप मीच संगणकाला चुकीचं सांगितलं होतं. मग चाचणीवाल्यानं तुमचा छाटलेला नमुना भंगाराच्या खोक्यातून काढला, त्यावर मुलामा चढवून आणला आणि म्हणाला, "हाही बघू या की!" साडूबुवा, त्यानं सगळ्या बाजूंनी आवाज असा पकडला की चाचणीवाला आकडे तीनदा तपासत बसला.

इथे मी खरं बोलायला हवं होतं. मुलामा चढलेला तो नमुना प्रमुख बाईंना ओळखू आला नाही. त्यांनी विचारलं, "हा बदल कोणी सुचवला?" आणि माझ्या तोंडून निघालं, "शेवटच्या क्षणी मीच थोडी काटछाट केली." टाळ्या झाल्या. चाचणीवाल्यानं वाजवल्या नाहीत. तो चष्मा पुसत होता. त्या दिवसापासून मी दिसलो की तो चष्मा पुसतो.

तुमच्या टेबलावर नवा माणूस बसवलाय. मी काही लागट बोललो की तो हसतो. तुम्ही नुसतं बघायचात, आणि मला पुढचं वाक्य गिळावं लागायचं. त्या गिळलेल्या वाक्यांनी माझं किती भलं केलं, हे आता कळतंय. माफ करा. हा शब्द मी फारसा वापरत नाही, त्यामुळे नीट बसला नसेल तर घासून घ्या.

ताईंना नमस्कार. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर रागवायचा हक्क मला उरलेला नाही.

तुमचा धाकटा (आणि सध्या स्वतःला आणखीच लहान वाटणारा)
साडू

ता. क. : एक छोटंसं काम होतं. येत्या गुरुवारी पथकाची सगळी माणसं येणार आहेत, आणि नेमक्या त्याच तीन फांद्या का काढल्या हे मला फळ्यावर समजावून सांगायचं आहे. मला माहीत नाही. दोन ओळींत कळवाल का?

ता. ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत हिनं पत्र वाचलं (वाचतेच) आणि एवढंच म्हणाली, "ते न विचारता कापतील?" तेव्हा तेही लिहितो. कापण्याआधी तुम्ही माझ्या टेबलाशी आला होतात. "या तीन एकमेकींच्या अंगावर पडतायत, मला काही बरं दिसत नाही. ठेवू की काढू?" असं विचारलं होतंत. मी फोनवर होतो. वर न बघता म्हणालो, "काढा, काय ते काढा, डोकं नका खाऊ." त्या पंधरा माणसांसमोर तुम्हाला बोललो तेव्हाही मला हे आठवत होतं. तुम्हालाही आठवत असणार, आणि तरी तुम्ही ॲप्रनची घडी करत राहिलात. गुरुवारी हे सगळं सगळ्यांदेखत सांगायचं मी ठरवलंय. पण मी मला ओळखतो. ऐनवेळी पुन्हा काहीतरी छान वाक्य सुचेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसलात तरच खरं तोंडून निघेल. सकाळी अकरा वाजता. याल का?