हॉलंडचा म्हणवणारा पाहुणा

६ जानेवारी १९५४, आलापल्ली
नव्या वर्षाचे संकल्प. (ताप असल्यामुळे पाच दिवस उशीर.) एक, पहाटे पाचला उठणे. दोन, विडी बंद. तीन, वरोऱ्याची बदली यंदा मिळवणे.

चार वर्षं या सागवानात काढली. बायको शकू आणि लेक चंदा वरोऱ्याला, मी इथे लाकडाच्या डेपोवर कारकून. दिवाळीत घरी गेलो तर चंदा मला काका म्हणाली. ते फार लागलं.

आज मोठ्या साहेबांनी बोलावलं. हॉलंडचा कुणी लाकूडतज्ज्ञ आठ दिवस आपला साग बघायला येतो आहे. जावा बेटावर त्यानं सागाचं काम केलं आहे म्हणे. त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे. पाहुणा खूश होऊन गेला तर माझ्या वरोऱ्याच्या अर्जावर साहेब शिफारस लिहिणार. म्हणजे बदली झाल्यातच जमा.

७ जानेवारी, सकाळी साडेआठ
पाचला उठणं उद्यापासून.

९ जानेवारी
पाहुणा आला. नाव वेस्टरहोफ. साडेसहा फूट उंच, मान लाल, ट्रकच्या टपावर स्वतःची काळी सायकल बांधून आणलेली. बघता क्षणी मला शंका आली. हा माणूस जर्मन आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. लढाईत एका कैद्यांच्या छावणीत सात महिने मी स्टोअर क्लार्क होतो. जर्मन मी आतून-बाहेरून ओळखतो. (छावणीतले कैदी सगळे इटालियन होते हे खरं. पण ते दिवसभर जर्मनांबद्दलच बोलत.)

त्याला 'गुटन मॉर्गन' म्हणून बघितलं. चेहरा एकदम पडला. मग इंग्रजीत म्हणाला की मी डच आहे, आमची भाषा वेगळी आहे. मी न विचारता!

१० जानेवारी
विडी एकच ओढली. तपासाचं टेन्शन.

११ जानेवारी
पुरावे जमत आहेत. डेपोत ओंडके मोजताना तो स्वतःशी एन, त्वे, द्री, फीर असं पुटपुटत होता. जर्मन आकडे आइन्स, त्स्वाय, द्राय, फीअर. फीर काय, फीअर काय, एकच. आणखी काय पाहिजे?

शिवाय वक्तशीर. सातला येतो म्हणाला आणि सातला आला. दुपारी मात्र डोमासोबत खो खो हसत होता. डोमा आमचा गोंड कुऱ्हाडवाला. त्याला इंग्रजी येत नाही, याला गोंडी येत नाही, मग हसायचं कशाला? जर्मन लोक हसत नाहीत. म्हणजे हा मुद्दाम हसतो.

रेस्टहाउसचा खानसामा मनसाराम सांगतो, पाहुणा जेवून झाल्यावर आपली बशी आपणच धुतो. जर्मन अधिकारी कधी बशी धुणार नाही. म्हणजे हेही मुद्दाम.

१२ जानेवारी
त्यानं चहाला बोलावलं. पत्र्याचा डबा उघडला, मला एक बिस्कीट दिलं, एक स्वतः घेतलं आणि डबा बंद केला! झाकण दाबून! आमच्याकडे पाहुणा हात आडवा धरून 'पुरे, पुरे' म्हणेपर्यंत वाढतात आणि त्यानंतर आणखी दोन वाढतात. मी बराच वेळ डब्याकडे बघत बसलो. तो सागाच्या सालीबद्दल बोलत राहिला. रेशनिंगची ही सवय लष्करातच लागते.

१३ जानेवारी
तुमची आणि फॉरेस्ट गार्ड लटारूची भाषा एकच का, असं त्यानं विचारलं. मला राहवलं नाही. लटारू झाडीपट्टीतला, मी वरोऱ्याचा. आमची भाषा वऱ्हाडी, त्याची झाडी. शब्द वेगळे, हेल वेगळे, भाजीची फोडणीसुद्धा वेगळी. दोघांना एका दावणीला बांधणं म्हणजे अडाणीपणा आहे, हे मी त्याला पाऊण तास समजावून सांगितलं. लटारू मध्येच म्हणाला, "भाऊ, मले त तुमचं सारंच समजते. तुमाले माझं काऊन समजत नाई?" मी दुर्लक्ष केलं.

वेस्टरहोफनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, मग तुम्ही मला नक्की समजून घ्याल. याचा अर्थ काय, कळलं नाही. सांकेतिक असावं.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ दिला. घरी कोण असतं, असं त्यानं विचारलं, तर चंदा मला काका म्हणाली तेही सांगून बसलो. संशय कायम.

१५ जानेवारी
आज निर्णायक पाऊल उचललं.

सकाळी त्याच्या टेबलावर नकाशा होता. आलापल्लीपासून थेट सिरोंच्यापर्यंतचा रस्ता, नाले, नदीचा उतार, सगळं पेन्सिलनं काढलेलं. नदीपलीकडे हैद्राबादचं राज्य. वर मला म्हणाला की आज सायकलवर एकटाच दूरचा साग बघून येतो. पळून जाणारा माणूस दुसरं काय म्हणेल?

साहेब जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, मीटिंगला. जबाबदारी माझ्यावर. मी सायकल ताब्यात घेतली. सगळं नियमानं केलं. जप्ती रजिस्टरात चोरट्या लाकडाच्या बैलबंड्या आणि कुऱ्हाडी चढवतो, त्यांच्याखाली लिहिलं: 'काळी सायकल, नग एक. कारण: मालक जर्मन असल्याचा संशय.' त्याला मराठीत पावती दिली आणि तोंडी सांगितलं की रुटीन तपासणी आहे. लटारू मागे कुजबुजला, "भाऊ, पाहुण्याची सायकल हाय. असं नोका करू." मी त्याला ठोकळे मोजायला पाठवलं.

वाटलं होतं तो आरडाओरडा करील. त्यानं फक्त पावती दोनदा बघितली, घडी करून खिशात ठेवली आणि डोमाला घेऊन पायीच निघाला. दोषी माणूसच इतका गप्प राहतो.

त्याच दिवशी, दुपारी चार
एक छोटी अडचण. रजिस्टरात चढलेली वस्तू मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय सोडता येत नाही. म्हणजे साहेबांना रजिस्टर दाखवावं लागणार. पण शाबासकी मिळायची तर दाखवावं लागणारच होतं.

१६ जानेवारी
साहेब आले. रजिस्टर वाचलं. मग पुन्हा वाचलं. पाहुण्यालाही ऑफिसात बोलावलं आणि कारणाचा रकाना त्याला इंग्रजीत सांगितला. सांगताना साहेब माझ्याकडे नव्हे, खिडकीबाहेर बघत होते.

वेस्टरहोफनं खिशातली पावती काढून टेबलावर ठेवली. तो जे बोलला ते इथे लिहून ठेवतो, कारण ते डोक्यातून जात नाही. म्हणाला, "लढाई संपायच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे खायला काही नव्हतं. मी सायकलवर खेड्यात जाऊन आईसाठी बटाटे आणले. परत येताना पुलावर जर्मन शिपायानं सायकल काढून घेतली. त्यानंसुद्धा पावती दिली होती. बटाटे पाठीवर घेऊन मी दोन दिवस चालत घरी आलो. तोवर आई राहिली नव्हती."

साहेबांनी सही केली. सायकल मीच बाहेर काढून दिली. चाकावर धूळ बसली होती ती पुसली. मला फार वाईट वाटलं. खरोखर वाटलं.

संध्याकाळपर्यंत वाटत होतं. मग विचार आला, इतकी नेमकी गोष्ट त्याच्याजवळ तयार कशी?

१७ जानेवारी
पाहुणा गेला. जाताना सगळ्यांशी हात मिळवला. डोमाशी दोन्ही हातांनी. मला बिस्किटाचा अख्खा डबा दिला. उघडून तपासला. बिस्किटंच होती.

१८ जानेवारी
साहेब माझ्याशी बोलत नाहीत. काल स्वतः पाहुण्याला मोटारीपर्यंत सोडायला गेले. वाटेत दोघं बराच वेळ काहीतरी बोलत होते. आता सगळं चित्र स्पष्ट होत आहे. साहेब त्याला सामील आहेत.

नागपूरला वरिष्ठांकडे चार पानी गुप्त पत्र लिहिलं. साहेबांचं नाव, पाहुण्याचं नाव, आकडे, बशी, बिस्कीट, सगळे मुद्दे क्रमवार. खाली स्पष्ट सही केली. भ्यायचं कारण नाही. पत्र रजिस्टर्ड पोस्टानं गेलं.

२२ जानेवारी
काय लिहू!

साहेबांनी बोलावलं. वेस्टरहोफचं बल्लारशाहून पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं की तुमच्या कारकुनाला शिक्षा करू नका. तो घरापासून फार दिवस लांब राहिला आहे, आणि असा माणूस प्रत्येकावर संशय घेतो. त्याला त्याच्या मुलीजवळ पाठवा. साहेब म्हणाले, "गुणवंतराव, त्या माणसानं मोटारीपर्यंत जाताना हेच मला सांगितलं आणि आता लेखीही पाठवलं. मी तुमची वरोऱ्याची ऑर्डर काढतो आहे. एक तारखेला हजर व्हा."

मला रडू आलं. साहेबांसमोरच आलं. डच लोक जर्मनांपेक्षा अगदी वेगळे असतात, हे मी पहिल्यापासून ओळखून होतो. भाषासुद्धा वेगळी. फीर आणि फीअर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शकूला तार केली: एक तारखेला येतो, कायमचा.

२३ जानेवारी
ट्रंक भरली. एक आठवलं. नागपूरचं पत्र. पोस्टमास्तरांकडे चौकशी केली. ते म्हणाले, पोचलंही असेल. पण वरिष्ठांना इतकी पत्रं येतात, चार पानं कोण वाचतो?

२८ जानेवारी
वाचली. पत्र नागपूरहून साहेबांकडेच आलं, 'अभिप्रायासाठी'. साहेबांनी मला समोर उभं करून ते मोठ्यानं वाचायला लावलं. चारही पानं. बिस्किटाच्या मुद्द्याशी माझा आवाज बसला. साहेब रागावले नाहीत. ऑर्डर ड्रॉवरमधून काढली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "जा, काम करा." बाहेर लटारूनं माझ्यापुढे चहा ठेवला.

आजच दुसरी तार करायला हवी होती. उद्या करतो. उद्या पहाटे पाचला उठून.

५ फेब्रुवारी
शकूचं पत्र आलं. तिनं शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं आहे. एक तारखेपासून चंदा रोज मोटार स्टँडवर जाते. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारते, तुम्ही माझे बाबा का?