फ्लॅटातला लांडगा

चि. शिवांश,

"आत्या, सुलतानला जरा चिडव आणि भुंकतानाचा व्हिडिओ पाठव," हा तुझा सकाळचा मेसेज वाचला, म्हणून हे लिहायला बसले.

बंगळुरूला जाताना मेंढरं राखणाऱ्या जातीचं एवढं मोठं कुत्रं तू माझ्या फ्लॅटात सोडून गेलास. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. "घट्टच ठेव, मान भारदस्त दिसते," म्हणालास. मी बी.एस्सी. झालेली बाई, आणि आठ महिने तुझं ऐकलं. परवा घाण वास आला म्हणून मानेवरचे केस बाजूला केले. पट्टा कातड्यात रुतला होता आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. तुझी किळस आली, माझी त्याहून जास्त.

डॉक्टरांनी पट्टा कापून काढला. आज मी राधानगरी रस्त्याला शेतात मेंढरं बसवलेल्या कृष्णात धनगरांकडे सुलतानला घेऊन गेले. त्यांनी जखम पाहिली.

"बाई, खिळं लांडग्यासाठी असत्यात. त्यानं कुत्र्याचं नरडं धरू नये म्हणून. तुमच्या फ्लॅटात कोण लांडगा हाय वो?"

मी सुलतानची दोरी त्यांच्या हातात दिली.

हे पत्र टाकणार नाही. तू त्याचाही व्हिडिओ करशील.

तुझी आत्या,
निर्मला

कृष्णात यांच्याकडे दिले: सुलतान, जखमेचं मलम, त्याचं जेवणाचं पातेलं. पट्टा दिला नाही. तो मी ठेवून घेतला आहे, न धुता.