केस पेपरची मागची बाजू

१२ जून, गुरुवार
— आणि तरी काकांचं तेच! “पोरी, कागद हाय तवर भरवसा हाय.” काका म्हणजे सिद्धलिंग काका, आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर. तीस वर्षांचे केस पेपर माळ्यावर, वाळवी लागलेले! डॉक्टरांना मी सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचा पूर्ण प्लॅन दिला. मी स्कॅन करणार, दुसऱ्या माणसानं चेक करून सही करायची, मगच श्रेडर. रद्दीवाल्याला काही द्यायचं नाही, लोकांचे आजार असतात त्यात. अख्ख्या भवानी पेठेत आम्हीच पहिले!

१८ जून
दोन्ही बाजू स्कॅन केल्या की स्पीड निम्मा. मागची बाजू बहुतेक कोरीच असते. सो, एकच बाजू.
काकांना म्हटलं, करा सही, मी बघितलंय सगळं. “तू बघितलंस न्हवं? मग झालं की.” चष्मासुद्धा लावला नाही.

२४ जून
अकरा पोती चुरा! कागद कारखान्याच्या टेम्पोतून गेला, लगदा करायला. फिनिश!

१ जुलै
मायाक्का आजी तापानं आल्या. स्क्रीनवर काहीच नव्हतं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास घेता येईना. वाचल्या — पण आयसीयूत आहेत.
सून डॉक्टरांवर ओरडत होती, “लाल पेनानं लिवलं होतं की तुमी! माज्यासमोर!”
लिहिलं होतं. मागच्या बाजूला. कुणाला औषधाची रिअॅक्शन आली की डॉक्टर मागं लाल पेनानं लिहायचे, आणि तो पेशंट परत आला की काका पेपर त्यांच्या टेबलावर उलटाच ठेवायचे. मला कुणी सांगितलं हे? कुणीच नाही!
मी तरी कुठं विचारलं.

२ जुलै
असे लाल पेपर अजून किती होते?

३ जुलै
डॉक्टरांनी चेकिंगची शीट काढली. प्रत्येक पानावर काकांची सही. “सव्वीस वर्षं झाली ना इथं? उद्यापासून येऊ नका.” स्वतःचं लाल पेन नाही आठवलं त्यांना! सही बरोबर दिसली!
जाताना काका माझ्या टेबलाशी बसले. “लाल पेपर कुनाकुनाचे, आटवतंय तेवडं सांगतो. लिवून घे.” डोळे मिटून एकोणचाळीस नावं सांगितली. औषधासकट.

४ जुलै
काल डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, “चेकिंग ह्यांनीच केलं ना?” मी हो म्हणाले.
आज यादी दिली. “शाब्बास! कशी काढलीस?” मी नुसती हसले.
खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. पण काकांना परत बोलावतील का? डायरी, तुला काय वाटतं?