ओ दे

एफिसस, बंदरामागची गल्ली

प्रिय त्रोफिमसदादा,

धर्मपरिषदेनं तुझ्या गुरूंना शिष्यांसकट बहिष्कृत केलं आणि आपल्या बाबांनीही त्यासाठी हात वर केला, हे तुझ्या कानावर गेलं असेलच. हात वर झाला, हे खरं. पुढचं मात्र माझ्याकडूनच ऐक.

इथला उन्हाळा तुला ठाऊक आहे. बंदराचं पाणी कुजतं, डास फोडून काढतात. गावोगावचे बिशप अंथरुणाला खिळले, त्यात बाबाही. तू गुरूंमागे घर सोडून गेल्यापासून तुझं नाव निघालं की ताटावरून उठणारे आपले बाबा, तापात मात्र अंजीर मागायचे आणि अर्धं बाजूला ठेवायचे. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. निवाड्याच्या सकाळी त्यांचं तोंड पुसायला गेले, तर बाबा गार पडले होते.

मी हंबरडा फोडणार तोच त्यांच्या मदतनिसानं, पापियासनं, माझ्या तोंडावर हात दाबला. "गप गं अम्मिया! आपल्या गावचं मत पडलं नाही तर आपल्यालाही त्या गुरूच्या बाजूचेच समजतील. बिशप आजारी आहेत, एवढंच म्हणायचं." माझं कोण ऐकतंय! बाबांना खुर्चीला बांधलं, वरून झगा घातला आणि नेलं. पाण्याचा तांब्या घेऊन मी मागे. चर्चमध्ये मधल्या सिंहासनावर शुभवर्तमानाचा ग्रंथ ठेवला होता, सगळ्यांचे डोळे तिकडे. बाबांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"चर्चमधून तोडून टाका त्या गुरू-शिष्यांना!" असा गजर उठला. पापियासनं बाबांचं मनगट धरून हात वर केला. गजर विरला आणि त्या शांततेत बाबांची हाक आली. तुला झाडावरून खाली बोलवायचे ना, तश्शीच लांबवून. "त्रोफ्याऽ, ये रे घरी!" लेखनिक दचकला. "कोण बोललं?" पापियासच्या हातून मनगट सुटलं, पण बाबांचा हात खाली आला नाही. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. जवळ बोलावताना करतो तशी.

संध्याकाळी त्यांना वेशीबाहेर, रस्त्याकाठी पुरलं. तेव्हापासून भर दुपारी रस्ता ओस पडला की जमिनीतून तीच हाक येते. वाटेवरची गाढवं थबकतात, हाकणारे छातीवर क्रुसाची खूण करून पळतात. मी खाली वाकून "ओ बाबा" म्हणून पाहिलं. हाक थांबली नाही. त्यांना माझी ओ नकोच होती. वाईट वाटलं रे, खोटं कशाला सांगू.

शहराचे दरवाजे तुला बंद आहेत, पण बाबा दरवाजाबाहेर आहेत. तिथं यायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. एवढ्यासाठीच हे लिहिलं. दादा, ये आणि एकदा ओ दे. आवाज रोज थोडा बारीक होत चाललाय.

तुझीच, वेशीबाहेर वाट पाहत बसलेली,
अम्मिया