राक्षसाचं स्टूल

दि. ४ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरकडे जा, शेजारणीच्या तेलावर विसंबून राहू नकोस.

पत्राचं कारण तुझी नात. पहिलीला सध्या जुन्या गोष्टी शिकवतात, त्यात पुलावरच्या राक्षसाचा धडा आहे. तो पाठ्यपुस्तकाच्या कचेरीत बसून, पाच जुन्या प्रती ताडून मीच तयार केलाय. त्याचंच वर्गात नाटक बसवलंय, आणि आवाज मोठा म्हणून आपल्या भोंग्याला राक्षस केलंय. राजपुत्र तलवार मारतो, राक्षस मरतो, पडदा. पण ही मरायलाच तयार नाही! तलवार लागली की उठून बसते आणि बाईंना सांगते, आजी म्हणते राक्षस मेला नाही, तो शिवणकामाच्या दुकानात काजबटणं करायला लागला. बाईंनी विचारलं, पुस्तकात असं कुठे आहे? तर म्हणे, पुस्तक बाबांनी लिहिलंय, त्यांना नीट माहीत नाही.

त्यातून नाटकाला प्रमुख पाहुणा मीच. शुक्रवारपर्यंत ती मेली नाही, तर बाई दुसरा राक्षस घेणार, आणि ही रडून घर डोक्यावर घेणार. तेव्हा तिला चार ओळी लिही, की पुस्तकातलीच गोष्ट खरी. मनाला येईल ते मुलांच्या डोक्यात भरवत जाऊ नकोस गं.

लोभ आहेच, तो रागावून कमी करू नये.

तुझा,
एकुलता एक

दि. ७ जानेवारी

चि. पुस्तकवाल्यास,
अ. उ. आ.

गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. तुझ्यापेक्षा बरे. भोंग्यासाठी चिठ्ठी सोबत घातली आहे: पुस्तकातलं खरं, निमूट मर, मरताना फ्रॉक सावर.

आता तुझं. राक्षस मरतो हे मलाही ठाऊक आहे. माझ्या आईने मला तसंच सांगितलं, मी तुला तसंच सांगितलं. तू पाच वर्षांचा होतास. तुझे वडील जाऊन दोन महिने झाले होते आणि तू एकदाही रडला नव्हतास. राक्षस मेला त्या दिवशी रडलास. जेवला नाहीस. शिवणयंत्राखाली चिंध्यांत जाऊन बसलास आणि विचारत राहिलास, त्याच्या घरी कोण आहे, त्यांना कुणी सांगितलं का. मला गिऱ्हाइकांचे कपडे द्यायचे होते, जीव नुसता तुटत होता. तोंडाला येईल ते बोलले, की अरे, मेला नाही तो, उद्यापासून आपल्याकडे काजबटणं करायला येतोय. तू बाहेर आलास आणि त्याच्यासाठी स्टूल ओढून ठेवलंस. महिनाभर त्यावर कुणाला बसू दिलं नाहीस.

पाच प्रती ताडल्यास. मला विचारायचं तेवढं राहिलं.

लोभ वाढवायचं तुला काय सांगू, पत्रं तेवढी वाढव.

तुझी,
आई

दि. १४ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नाटक झालं. तुझी नात एकाच घावात मेली, फ्रॉक सावरून. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे मात्र हुंदके देऊन रडत होते. मुख्याध्यापकांनी भाषणात त्याला पाठ्यपुस्तकाविषयीची तळमळ म्हटलं. मी नाही म्हटलं नाही.

घरी येताना भोंगा माझा हात धरून समजूत काढत होती, की बाबा, रडू नका, राक्षस खरा मेलेला नाही, दुकानातच आहे, पण पुस्तकवाल्यांना सांगायचं नसतं. आजीने चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तसं लिहिलंय म्हणे.

धडा आता बदलत नाही, छापून झालाय. रविवारी आम्ही सगळे येतो. लोभाचं काय लिहू, तो तू मोजमाप न घेता शिवलास.

ते स्टूल अजून आहे का गं?

तुझा,
पुस्तकवाला