पाच खुणा, दोन सह्या

सोमवार, ३

आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. कापड गिरणीत बावीस वर्षं ताग्यांतले दोष शोधले. डोळ्याला दिसलं की हाताने खडूची रेघ, मध्ये डोकं यायचंच नाही. गिरणी बंद पडली आणि हे डोळे रिकामे बसले. आता त्यांना आरमाराच्या संग्रहालयात काम मिळालंय. जुन्या फोटोंतली विमानं ओळखायची. सगळी एकाच जातीची, जहाजावरून उडणारी, पुढे पंखा असलेली, एकट्या वैमानिकाची लढाऊ विमानं. मुलाखतीत मॅडमनी, म्हणजे इथल्या प्रमुख बाईंनी, एक फोटो पुढे सरकवून काय दिसतं असं विचारलं. मी सांगितलं, मला विमानातलं ओ का ठो कळत नाही, पण या पंखाला दोनदा रंग दिलाय आणि दुसऱ्यांदा देणारा डावखुरा होता. त्या हसल्या आणि तिथल्या तिथे होकार दिला.

खोली वरच्या मजल्यावर आहे. उत्तरेला मोठ्या खिडक्या, त्यामुळे दिवसभर सारखा उजेड. लांब टेबल, दोन भिंगं, भिंतीपर्यंत रचलेली फोटोंची खोकी. ही वही इथेच खणात ठेवणार आणि जेवणाच्या सुट्टीत लिहिणार, कारण घरी धाकट्याच्या बडबडीत एक ओळ सुचत नाही. धाकटा म्हणजे माझा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. आता बत्तीस वर्षांचा घोडा झालाय, तरी आज सकाळी उसवलेला खिसा माझ्यापुढे नाचवत उभा. पांढरा धागा सापडेना, म्हणून हिरव्याने शिवून दिला. म्हणतो, ताई, छातीवर पोपट बसल्यासारखा दिसतोय. म्हटलं, बसू दे.

मंगळवार, ४

काम शिकले. जहाजाचा डेक केवढासा, म्हणून या विमानांचे पंख मिटतात. शेपटीखाली लोखंडी आकडा असतो. उतरताना तो आडव्या दोराला अडकला तर विमान थांबतं, नाहीतर पुढे समुद्रच. एखादं विमान बुडालं की त्याचा नंबर नव्या विमानावर रंगवायचे, त्यामुळे नंबरावर भरवसा नाही. एकतीस नंबरची तर तीन होऊन गेली. मग ओळखायचं बारीक खुणांवरून: ठिगळ, पात्याचा टवका, धुराच्या नळ्यांमागे पसरलेली काजळी. प्रत्येक फोटोला एक कार्ड. कार्डावर पेन्सिलीने पाच खुणा, खाली शाईने दोन सह्या, एक बघणाऱ्याची आणि एक पडताळणाऱ्याची. पाच खुणा, दोन सह्या झाल्या की ओळख पक्की. मग त्यात बदल नाही.

पडताळणाऱ्याला इथे 'दुसरा डोळा' म्हणतात. तो भल्या सकाळी येऊन जातो म्हणे, माझ्या आधी.

काही फोटो उलटे छापले गेलेत. तेही ओळखता येतं, कारण त्यात माणसांची घड्याळं उजव्या मनगटावर दिसतात. आता गंमत अशी की खाली दारावरचे चौकीदारकाका खरोखरच उजव्या मनगटावर घड्याळ बांधतात. मी म्हटलं, काका, तुम्ही उलटे छापले गेलात. पोट धरून हसले. मग मी त्यांचंही कार्ड भरून टाकलं, या वहीतच: उजव्या मनगटावर घड्याळ, डाव्या कानाची पाळी चिरलेली, एक भुवई पांढरी नि एक काळी, टोपीवर पुढे तेलाचा डाग, अंगठ्याला चिंधी. पाच झाल्या की!

शुक्रवार, ७

हात बसत चाललाय. कार्ड संध्याकाळी ट्रेमध्ये ठेवायचं, सकाळी त्यावर दुसऱ्या डोळ्याची सही. सही कसली, शेपटीखालच्या आकड्यासारखं एक छोटंसं वळण. पण हा गृहस्थ नुसतं पडताळत नाही. मला तीन खुणा सापडल्या तर खाली दोन स्वतःच्या भरतो. एकोणीस नंबरच्या कार्डावर त्याने लिहिलंय, वैमानिकासमोरच्या काचेला तडा. काल ती काच मी भिंगाखाली इंच इंच पाहिली होती. तडा नव्हता. आज आहे. माझ्या डोळ्यांना कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत, त्यामुळे दिवसभर चडफडत होते.

दुपारी धाकटा डबा द्यायला आला, वाकड्या करंगळीला डब्याची कडी अडकवून. लहानपणी ती करंगळी दारात चेमटली होती. दार मी लावलं होतं.

बुधवार, १२

महिनाअखेरीस प्रदर्शन आहे आणि मॅडमना घाई झालीय. एकेका कार्डासाठी मी दुसऱ्या डोळ्याची वाट बघायची, त्याने माझी बघायची, अशाने कसं होणार? त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसतं, मग त्यानेच खुणा भराव्यात. म्हणून आज वीस कोऱ्या कार्डांवर सह्या ठोकल्या आणि गठ्ठा ट्रेमध्ये ठेवला. गिरणीत हे केलं असतं तर मुकादमाने कान उपटला असता. इथे कोण बघतंय? वहीची पानं सारखी मिटतात, म्हणून ट्रेमधलंच एक कार्ड आत सरकवून ठेवलं.

धाकटा केस अगदी बारीक कापून आलाय. डोक्यावरचे दोन भोवरे आता लांबून मोजता येतात. न्हावी म्हणाला म्हणे, दोन भोवरे म्हणजे दोन बायका. इथे एकीचा पत्ता नाही आणि नोकरी सुटून चौदा महिने झाले.

सोमवार, १७

पंधरा कार्डं भरून आली. मॅडम खूश.

सोळावं कार्ड विमानाचं नाही. पेन्सिलीने लिहिलंय: उजव्या मनगटावर घड्याळ. डाव्या कानाची पाळी चिरलेली. एक भुवई पांढरी. टोपीवर तेलाचा डाग. अंगठ्याला चिंधी. खाली माझी सही, शेजारी तो आकडा. कार्ड एकतीस नंबरच्या फोटोला टाचलेलं. जहाजाचा डेक, पंख मिटलेलं विमान, पुढे माणसं. शुक्रवारी मी चार मोजली होती. आज पाच आहेत. पाचवा चाकाखाली ठोकळा सरकवतोय आणि वळून थेट भिंगाकडे बघतोय. फोटो उलटा छापलेला नाही. एकतीसचा आकडा सरळ वाचता येतो.

धावत खाली गेले. दारापाशी स्टूल होतं, स्टुलाखाली अर्धा चहा होता. काका नव्हते. मॅडम म्हणाल्या, न सांगता निघून गेले असतील, या लोकांचं असंच असतं. मला मॅडमचा राग आला आणि स्वतःचीच फार भीती वाटली.

मंगळवार, १८

काकांच्या कार्डावरच्या पाचही ओळी रबराने खोडल्या. फोटोतला माणूस तसाच बसलाय. पक्की म्हणजे पक्की.

ट्रेमध्ये सही केलेली तीन कोरी कार्डं उरली होती. ती फाडून टाकली. पंधरा, एक आणि तीन, एकोणीस. विसावं कुठाय?

मॅडमना विचारलं, दुसरा डोळा म्हणजे कोण? त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. आधीच्या साहेबांच्या वेळेपासूनचा आहे म्हणे. कार्डं वेळेवर भरून येतात, मग चौकशी कशाला करायची? आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

आणि हे पुरेसं नव्हतं म्हणून की काय, धाकट्याने सकाळीच हसत सांगितलं की चौकीदाराची जागा मॅडमनी त्याला दिली. गुरुवारपासून. मी ओरडले, रडले, काकांचं सगळं सांगितलं. त्याने खाच पडलेली डावी भुवई उंचावली आणि म्हणाला, ताई, चौदा महिने तुझ्या जिवावर खातोय, आता नाही म्हणू नकोस. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी डोळे पुसून चहा टाकला.

गुरुवार, २०

तो खाली स्टुलावर बसलाय. दर पाच मिनिटांनी खिडकीतून बघते. तो वर बघून हात करतो.

एकतीसच्या फोटोत मिटलेल्या पंखामागे कोणीतरी उभं आहे. पंखाआडून फक्त शर्टाची बाजू दिसते. छातीवरचा खिसा. खिशाच्या कडेने टाके, दोन सरळ नि एक तिरपा. असे टाके मी घालते. दुसरं कोणी घालत नाही.

शुक्रवार, २१

आज हात आलाय. पंखाच्या कडेवर टेकलेला. करंगळी वाकडी.

दिवसभर विसावं कार्ड शोधतेय. ट्रे, खोकी, कपाटामागे, केराची टोपली. मॅडमचं टेबलही उचकलं, त्या रागावल्या. रागावू देत. ते कार्ड सापडलं तर माझी सही असलेला कोपराच जाळून टाकीन. दुसरी सही नसेल तर ओळख पक्की होणार नाही, एवढं तरी इथल्या नियमाने खरं असायला हवं. तो नऊ वर्षांचा असल्यापासून मी त्याला वाढवलंय. असा कोणाच्या फोटोत उभा करायला नाही.

सोमवार, २४

शनिवारी फोटो फाडला, बारा तुकडे केले. आज खोक्यात अख्खा आहे. पंखाच्या वर डोकं दिसतंय, पाठमोरं. बारीक कापलेले केस. दोन भोवरे.

धाकट्याला हात जोडले, नोकरी सोड म्हणाले. तो म्हणाला, तुझे डोळे थकलेत ताई, पगार झाला की चांगल्या डॉक्टरकडे नेतो. इतक्या मायेने म्हणाला. आज खोकी पुन्हा शोधली. नाही.

मंगळवार, २५

तोंड वळवलंय. अर्धंच. डावी भुवई, तिच्यात खाच.

चार झाल्या. काकांच्या पाच होत्या—

या दुसऱ्या डोळ्याला कोण सांगतंय? धाग्याचं, करंगळीचं? मी इथे कोणापाशी एक शब्द बोलले नाही. घरात आम्ही दोघंच. मी तर कोणालाच—

बुधवार, २६

सापडलं. काखेत कळसा, गावाला वळसा. याच वहीत होतं. चौदा दिवस मीच ते या पानातून त्या पानात सरकवत होते, पाठ वर करून, आणि कधी उलटून पाहिलं नाही.

माझी सही. शेजारी आकडा, त्याचीही झालेली आहे. वर चार ओळी. पहिली: उसवलेला खिसा, धागा हिरवा.

हिरवा. त्या फोटोत रंग नाही. हिरवा फक्त मी लिहिला होता. तीन तारखेला. इथे. करंगळी सात तारखेला. भोवरे बाराला. भुवई अठराला. काका— काकांचं तर मी अख्खं कार्डच भरून दिलं, हसत हसत.

तो काही बघतच नाही. मी बघते. तो नुसता उतरवून घेतो.

कार्ड फाडलं. वही उघडली तर जागच्या जागी आहे. पाचवी ओळ कोरी.

म्हणजे अजून वेळ आहे. एकच करायचं. त्याच्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. वही मिटायची, पेन ठेवायचं, त्याचा हात धरून या गावातून निघायचं. आत्ता. हे वाक्य झालं की—

जिन्यावर त्याची पावलं. डबा घेऊन येतोय. ताई, ताई म्हणून हाका मारतोय. बघायचं नाही. दिसलं तरी लिहायचं नाही. पेन ठेव. बावीस वर्षं दिसलं की रेघ, दिसलं की रेघ, हात थांबत नाही— देवा, थांब—

दारात उभा आहे. हसतोय. पुढचा वरचा दात अर्धा तुट—