अपेक्षाची उरलेली दोन मिनिटे

मी, चंद्रकांता भोजराज लांजेवार, वय ७४, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार आसगाव, ता. पवनी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा भाऊ भय्याजी शंका घेणारच.

१. राहते घर मुलगा चंद्रकुमार यास. समोरची खोली मात्र भाषणांच्या सरावासाठी मुलांना उघडी राहील.

२. तलावाखालची धानाची बांधी सून टीना हिला. तिने रोजीने माणसे लावावीत. वर्षभर बांधलेला सालदार ठेवायचा नाही, म्हणजे नाही.

३. फ्रेडरिक डग्लस वक्तृत्व स्पर्धा मी एकवीस वर्षे १४ फेब्रुवारीला भरवते. अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या त्या माणसाला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून त्याने वाढदिवस म्हणून हा दिवस निवडला. आमच्या शाळेच्या दाखल्यांवर मीही कितीतरी पोरांचा जन्म १ जूनला घातला आहे. त्यामुळे तो मला आपल्यातलाच वाटला. स्पर्धा बंद पडता कामा नये.

४. आता माझा गुन्हा. २०१४ साली सातवीतली अपेक्षा बोलायला उभी राहिली. तिचा बाप कवडू भय्याजीकडे सालदार होता, आणि भय्याजी प्रमुख पाहुणा म्हणून पुढेच बसला होता. वेळ पाच मिनिटांची. तिसऱ्या मिनिटाला पोरीने पाठ केलेलं भाषण सोडलं. म्हणाली, "आजी मेली तवाबी माह्या बापाले सुट्टी भेटली नाई. मंग गुलामगिरी संपली मनून टाळ्या कायले वाजवून राहिले तुमी?"

मी घंटी वाजवली. "वेळ संपली," म्हणाले. संपली नव्हती. पोर खाली बसली ती पुन्हा कधी मंचावर आली नाही. मला आजही लाज वाटते.

५. पहिल्या बक्षिसासाठी भय्याजीने दिलेली, त्याच्या नावाची ढाल त्याला परत. घंटी आणि स्पर्धेचा कारभार अपेक्षाला, ती आता पवनीत शिकवणी घेते. मागच्या महिन्यात तिला विचारलं, तर म्हणाली, "बाई, घंटीचं मंग पाहू. माही दोन मिनिटं पयले द्या."

६. म्हणून माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या स्पर्धेची पहिली दोन मिनिटे तिची, असं लिहायला बसले होते. पण तिने माझ्या मरणाची वाट का पाहावी? येत्या १४ तारखेलाच ती बोलेल. भय्याजीला निमंत्रण गेलं आहे, खुर्ची पुढचीच. त्याआधी मी गेले, तर हे कलम सर्वांवर बंधनकारक. दोन मिनिटांची चार झाली तरी घंटी वाजवायची नाही.

ठिकाण : आसगाव, जि. भंडारा
दिनांक : २० जानेवारी २०२५

सही : चंद्रकांता भोजराज लांजेवार

साक्षीदार :
१. कुंताबाई, शेजारीण
२. कवडू, अपेक्षाचे वडील. अंगठा नाही, सही. त्यासाठी त्यांनी आज कामावरून सुट्टी घेतली आहे.